इंदूर: महागड्या घड्याळाच्या हिश्श्याचं डिजिटल टोकन घ्यावं का?

गुंतवणूक म्हणून तरी घेऊ नका. टोकन ही ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक डिजिटल वहीतली, नुसती नोंद. घड्याळ दुसऱ्याच्याच तिजोरीत. ते अस्सल आहे का, विमा कुणाच्या नावावर, कंपनी बुडाली तर ते तुम्हाला मिळणार की देणेकऱ्यांना, हे ब्लॉकचेन नव्हे, करारनामा सांगतो (आणि तो कुणी वाचत नाही). मी इंदुरात आयकर विवरणपत्रं भरून देतो, म्हणून पुढची खोच ठाऊक आहे: टोकन आभासी डिजिटल मालमत्ता (क्रिप्टोसारख्या गोष्टींचा करकायद्यातला वर्ग) ठरलं, तर नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर, तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही. सराफ्यात दागिना मोडताना घट धरतात, पण पैसे तरी हातात पडतात. अपवाद एवढाच: ठरावीक शुद्धतेचं सोनं असेल आणि टोकन देऊन ते प्रत्यक्ष मिळत असेल, तर विचार करा. पण डिजिटल सोनंही स्वतःच्या नियमनाबाहेर असल्याचं शेअर बाजाराची नियामक सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये बजावलंय.