शेवटचे दोन आकडे

"मोठ्या बहिणीशी दोन वर्षं अबोला आहे. मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी ओटीपीत सारखे तिच्या वाढदिवसाचे १४ नाहीतर ०८ दिसतात. कधी उलटे, ४१, ८०. कधी तिच्या नव्या नंबरच्या शेवटचे २७. एखादा आकडा दोनदा आला की वाटतं, या आम्ही दोघी. हा संकेत समजू का? भांडण तिनं काढलं होतं, फोनही तिनंच आपटला होता."
– धाकटी

धाकटे,

आधी हिशेब उरकू. 'आम्ही दोघी' सोडून दे. सहा आकड्यांत एखादा तरी आकडा पुन्हा येण्याची शक्यता ८५ टक्के असते. न आला तर नवल. राहिल्या तुझ्या पाच जोड्या. ओटीपीत शेजारशेजारच्या दोन आकड्यांच्या जागाही पाच, आणि प्रत्येक जागी तुला पाचांतलं काहीही चालतं. असे शंभर ओटीपी आले तर सुमारे २२ मध्ये ताई सापडणारच! सलग १४०८ च हवा म्हणाली असतीस, तर दहा हजारांत तीनदा भेटली असती. म्हणून तर तू सुलट, उलट, अर्धं, सगळं चालवून घेतलंस. बाकीचे ७८ आले तेव्हा मुकाट्यानं टाइप केलेस आणि विसरलीस.

झालं गणित. मी अडकले ती २७ पाशी.

'नव्या नंबरच्या.' अबोला दोन वर्षांचा आणि नंबर नवा, म्हणजे तो काही तिनं तुला दिलेला नाही. कुणाकडून तरी 'सहज, असू दे' म्हणत काढून घेतलास. वर पाठही केलास. हल्ली घरातल्या माणसांचे नंबर तरी कुणाला पाठ असतात गं? आणि एवढं करून पत्राच्या शेवटी फोन कुणी आपटला ते मला सांगतेस. मला नको ते. दोन वर्षांपूर्वीचा आपटलेला फोन आहे तो, उचल आता.

आज रात्रीच लाव. मेसेज नाही, फोन. 'ताई, मी बोलतेय' एवढं म्हण आणि गप्प बस, पुढचं तिला बोलू दे. नाही उचलला तर थोड्या वेळानं परत लाव. ओटीपी आला नाही की 'पुन्हा पाठवा' दाबतेसच ना?