गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, माझी पेट्रोल गाडी २०११ची, एमएच-१२ पासिंगची. काही महिन्यांत पंधरा वर्षं पूर्ण होतील. घाटात दिसत नाही म्हणून हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकले, बंपरवर बार लाइट लावला. सायलेन्सरमधून खडखड यायची, तर मेकॅनिकने ‘कॅट’ (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप जोडून दिला. आता पीयूसीत गाडी नापास झाली. पूर्वी तर गाडी नुसती उभी केली की कागद मिळायचा! नियम बदललेत का? पासिंगपुरतं सगळं काढून नंतर परत लावलं तर चालेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाना पेठेतल्या माझ्या गॅरेजात पासिंगच्या आदल्या संध्याकाळी अशीच गर्दी व्हायची. कुणी मित्राचा सायलेन्सर उसना आणायचा, कुणी जुने बल्ब डबीत जपून ठेवलेले असायचे. मीही ते बसवून दिलेत, खोटं कशाला बोलू! पण मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम पासिंगच्या दिवसापुरतं नाही. कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय बदल केला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचे बदल तीन. हिशेब तुम्हीच मांडा.

नियम बदलले म्हणाल, तर दिव्याचा मूळ नियम १९८९चाच आहे. समोर ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीतला ड्रायव्हरच की! बदललं ते मोजणारं. आमच्या वेळी आरटीओचे साहेब म्हणायचे, ‘लाइट लाव.’ लागला की झालं. सप्टेंबर २०२१मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. सुरुवात व्यावसायिक गाड्यांपासून झाली, पण तिथे दिव्यासमोर यंत्र येऊन उभं राहतं आणि यंत्राला ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणता येत नाही. पीयूसीचंही तसंच. जून २०२१पासून देशभर एकच नमुना, त्यावर क्यूआर कोड, मालकाच्या मोबाइलवर मेसेज, आणि नापास झालात तर नकाराची चिठ्ठी. तुमची चिठ्ठी फेकून दिली नसेल तर काढा. त्यावरचे आकडे लागणार आहेत.

कारण पुण्याचं एक वेगळेपण आहे. बीएस-४ हे धुराचं मानक देशभर २०१७मध्ये आलं, पण पुण्यासह तेरा शहरांत एप्रिल २०१०पासूनच लागू होतं. म्हणजे तुमची गाडी बीएस-४ असणार; आरसीवर खात्री करून घ्या. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम (दहा लाखांत दोनशे भाग), एवढीच मुभा. चिठ्ठीवरचे आकडे याच्याशी ताडून बघा. शिवाय इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आसपास फिरवून पुन्हा मोजतात, तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के. सरळ पाइप लावून हे जमत नाही, कार्बोरेटरच्या काळातला कुठलाही जादूगार आणा. कॅटच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी वायू तिथे बहुतांशी निरुपद्रवी होतात. खडखड आली ती बहुधा जाळी तुटल्यामुळे, आणि जाळी तुटते ती बऱ्याचदा मिसफायरमुळे, म्हणजे इंजिनात ठिणगी चुकल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं म्हणून. तेव्हा आधी प्लग आणि कॉइल बघा, मग नवा कॅट टाका. नाहीतर तोही वर्षभरात खडखडेल. आणि एक विचारतो, तुमचा काढलेला कॅट कुठे गेला? त्या धातूंना भंगारात चांगला भाव असतो, आणि ‘काढूनच टाकू’ हा सल्ला कधीकधी तिथून येतो. सरळ पाइपने गाडी जास्त पळते असं लोक म्हणतात, पण आवाज वाढला की पळाल्यासारखं वाटतंच.

आता दिवे. हॅलोजनच्या हेडलाइटमधला रिफ्लेक्टर फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून जरा हलली, की उजेड रस्त्याऐवजी झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला पांढरं लख्ख दिसतं, म्हणून जास्त दिसतंय असं वाटतं. मीही एके काळी १०० वॅटचे बल्ब टाकून मिरवलो होतो. खंबाटकीत होल्डर वितळला आणि उरलेला घाट पार्किंग लाइटवर उतरलो. बायको सातारा येईपर्यंत बोलली नाही.

मूळ ६०/५५ वॅटचे बल्ब परत लावा, पण त्याआधी काच बघा. पंधरा वर्षांच्या गाडीची काच पिवळट झालेली असते. पॉलिश करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनवर व्होल्टेज मोजायला सांगा. जुन्या वायरीत दहा टक्के व्होल्टेज गळलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. अर्थिंग साफ करून रिले (बॅटरीतून थेट दिव्याला वीज देणारा स्विच) टाकला की बहुतेकांची तक्रार मिटते. शेवटी टायरमध्ये हवा भरून, सोसायटीच्या भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी गाडी उभी करा. भिंतीवर पडलेल्या लो बीमच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करायची चकती असेल, तर ती आधी शून्यावर.

बार लाइट काढाच. पुढे सर्चलाइट लावायला आरटीओची आगाऊ परवानगी लागते, आणि धायरीत राहून ती कशासाठी मागणार?

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेच तुमचं पासिंग. त्याचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. कारची फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर दर महिन्याला पाचशे. कॅट मिळवायलाच वेळ जातो, तेव्हा अर्जाची वाट न बघता कामाला लागा.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलंय, पण आरसीवर इंधन फक्त पेट्रोल आहे. पीयूसी मिळते, मग काळजी करायची का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : करायची, ताई. पीयूसी धूर सांगते, टाकी नाही. किट मान्यताप्राप्त असेल तरच आरटीओ आरसीवर नोंद करतं, म्हणून किटची कागदपत्रं आधीच्या मालकाकडून आजच मागवा. सिलेंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते. डिकी उघडून सिलेंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख बघा. तिला तीन वर्षं उलटून गेली असतील, तर चाचणी होईपर्यंत सीएनजीच्या रांगेत लागू नका, पेट्रोलवरच चालवा.