मानसिक आजाराचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते का?

‘पॉलिसीत बसत नाही’ एवढ्या एका ओळीवर नाकारला असेल, तर गप्प बसू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २१(४) स्पष्ट आहे: शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यायला हवा. तरीही कंपन्या टाळाटाळ करत होत्या, म्हणून २०२२ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हे पाळायला ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत घालून दिली.

आमच्या सोलापुरातलीच गोष्ट. माझा थोरला भाऊ यंत्रमागावर काम करतो. तीव्र नैराश्यामुळे त्याला अकरा दिवस ॲडमिट ठेवावं लागलं. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा वहिनीने ते घडी घालून गॅसच्या पुस्तकात लपवलं, शेजारणीला दिसू नये म्हणून. हर्नियाचं पत्र कुणी असं लपवलं असतं का?

आम्ही नकाराचं कारण लेखी मागितलं, डिस्चार्ज कार्ड जोडलं आणि कलमाचा उल्लेख करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज दिला. पैसे मिळाले. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

खरी अडचण ओपीडीची. बहुतेक पॉलिसी फक्त ॲडमिट झाल्यावरचाच खर्च देतात. समुपदेशन आणि दर महिन्याच्या गोळ्या खिशातूनच. मनाच्या आजारात मुख्य खर्चच तो. त्यामुळे पॉलिसी घेताना ओपीडी कव्हर आहे का, हे आधी विचारा.

आत्ता कुणाशी बोलायची गरज असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.