हंपीहून आले, पण शिकले काय?

प्रश्न : आमच्या कॉलेजची ट्रिप हंपीला जाऊन आली. तिथे वाटायचं घरी गेल्यावर किती सांगू नि किती नको, पण मैत्रिणींनी फोटो बघितले, ‘मस्त गे’ म्हणाल्या, संपलं. बाबा विचारतात, एवढे पैसे घालून शिकलीस काय, तर धड सांगताच येत नाही. वर आता डिचोली फिकी वाटायला लागलीय. माझं काय चुकतंय?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : चुकत काही नाही गं. मैत्रिणींवर रागावू नकोस, दुसऱ्याची ट्रिप ऐकणं कंटाळवाणंच असतं (तूही त्यांचे मनालीचे फोटो किती मन लावून बघितलेस ते आठव). बाबांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त घाईचा आहे. ट्रिपमध्ये शिकून कुठे होतं, गाईड सुसाट बोलत असतो, डोक्यावर ऊन, सर बस सुटेल म्हणून ओरडतायत, तेवढ्यात एखाददुसरा प्रश्न पडला तरी खूप झालं, उत्तर मग घरी येऊन शोधायचं.

आता हेच बघ. महानवमी दिब्ब्यावर, म्हणजे त्या उंच दगडी चौथऱ्यावर, घोडे कोरलेत, सोबत परदेशी व्यापारी, बघितले असशील. ते घोडे आले कुठून? अरबस्तान, इराणकडून जहाजांनी यायचे आणि त्यातले बरेच आपल्या गोव्याच्या बंदरांत उतरून घाट चढून विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला जायचे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभरेक वर्षं गोवा होताच विजयनगरकडे, त्यात या घोड्यांचा मोठा वाटा. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीज आले नि त्यांनीही हाच धंदा पकडला, आणि १५२० च्या आसपास दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज विजयनगरला जाऊन आला, त्याने तिथल्या कृष्णदेवराय राजाचं नगर इतकं बारकाईने लिहून ठेवलंय की हंपीवर लिहिणारा कोणीही त्याला टाळून जात नाही. म्हणजे तू जे बघायला एवढ्या लांब गेलीस त्याचा एक रस्ता तुझ्या घराकडून गेलेला. हे बाबांना सांग, बघ ऐकतात की नाही.

आणि डिचोली फिकी वाटते ना, मग वाळपईवरून तांबडी सुर्लाला जाऊन ये. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, हंपीसमोर एवढंसं, पण तिथे ग्रॅनाइट बघून आलेली तू आता दगडाकडे बघशील, आपल्याकडे सगळीकडे चिरा (जांभा दगड) आणि हे देऊळ मात्र काळ्या बसाल्टचं, तो दगड घाटावरून आणला असं मानतात, त्या जंगलात कसा आणला असेल देव जाणे. जुन्या गोव्याची चर्चेस तर हंपीबरोबरच, १९८६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, आपण मात्र पणजीच्या बसमधून मोबाईल बघत त्यांच्यासमोरून जातो.

सुर्लाला पावसात नको जाऊस, जळवा असतात.