मार्केटिंगची पदवी घेऊन फौजेत गेलं तर ती वाया जाते का?

तुम्ही लिहिलंय की बीबीए मार्केटिंगचं शेवटचं वर्ष आहे, सीडीएस (सैन्यदलांत अधिकारी व्हायची लेखी परीक्षा) द्यायची आहे, पण घरचे म्हणतात या पदवीचा फौजेत काय उपयोग.

उपयोग होतो. नाही म्हणणाऱ्यांना मार्केटिंग म्हणजे माल खपवणं एवढंच माहीत असतं. माझे वडील त्यातलेच. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मी पुण्याला मार्केटिंग घेतलं तेव्हा म्हणाले, "विकायला शिकतोयस ना, मग वर्दीचं नाव काढू नकोस." पुढे चेन्नईच्या ओटीएतून, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून, बाहेर पडून मी फौजेला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेलो, तरी ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

मी लडाखला सप्लायमध्ये होतो. जोजिला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत हिवाळ्याभराचं राशन वर पोचवायचं असतं. एका पोस्टवर सुकवलेल्या भाज्यांची खोकी तशीच पडून राहतात असं कळलं, म्हणून वर गेलो. जवानांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "ठीक है साहब."

कॉलेजात ग्राहकांची पाहणी शिकवताना सरांनी एक गोष्ट घोटून घेतली होती. माणूस विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो, तेव्हा तो वागतो कसा ते बघा. मी विचारणं थांबवलं आणि तीन दिवस लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनगृहात, बसलो. ताटात काय उरतं ते पाहिलं. भाजीच उरत होती, रबरासारखी चिवट. त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात रॉकेल वाचवायचं म्हणून ती गार पाण्यात जेमतेम भिजवून उघड्या पातेल्यात शिजत होती. मालात खोट नव्हती. ती कशी करायची हे आम्हीच कधी कळवलं नव्हतं. मग सकाळच्या चहाबरोबर तापवलेलं पाणी ओतून ती झाकून ठेवली आणि दुपारी कुकरला लावली. ताटं रिकामी परत आली. पुढच्या खेपेपासून मी प्रत्येक खोक्यावर हिंदीत कृती चिकटवून पाठवली.

आबांना सांगितलं, तर म्हणाले, "यात पदवीचं काय? जवानांत बसलं की कळतं." आबा, तुम्ही 28 वर्षं लंगरात जेवलात आणि साहेबानं विचारल्यावर दर वेळी "ठीक है"च म्हणालात. तुमच्या ताटात काय उरतं हे बघायचं असतं, ते मला त्या पदवीनं शिकवलं.

तेव्हा पदवी पूर्ण करा, घरच्यांचं ऐकून अर्धवट सोडू नका. सीडीएसमधून आयएमए (डेहराडूनची लष्करी अकादमी) आणि ओटीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. नौदलाच्या अकादमीला इंजिनिअरिंग लागतं. हवाई दलाला इंजिनिअरिंग नसेल तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. पुढे एमबीए प्रथम वर्गात केलंत तर नौदलाची लॉजिस्टिक्स शाखाही आहे.

हेही सांगायला हवं की एसएसबीत, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मुलाखतीत, पदवीला वेगळे गुण नसतात, आणि कोअर आपल्या पसंतीचीच मिळेल असं नाही. मला सप्लाय मिळालं, तुम्हाला तोफखाना मिळू शकतो. ओटीएतून मिळते ती शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, 10 वर्षांची, फार तर आणखी 4. त्यानंतर बाहेर पुन्हा हीच पदवी लागते. मी आता शीतगृहांतून भाजीपाला पोचवण्याच्या धंद्यात आहे. आबा त्यालाही "विकणं"च म्हणतात.