प्रायर आर्ट : ‘पूर्वकला’ की ‘पूर्वापार ज्ञान’?

प्रश्न असा आहे : गर्भवतीच्या रक्तावरून बाळाची जनुकीय तपासणी करण्याच्या पद्धतीवर सीक्वेनॉम कंपनीकडे अमेरिकी पेटंटाचे हक्क होते. त्या पेटंटावरून झालेल्या खटल्यावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘प्रायर आर्ट’ला (म्हणजे पेटंटाच्या अर्जाआधीच लोकांपुढे आलेली, पेटंटाच्या आड येणारी माहिती) संपादकांनी ‘पूर्वकला’ सुचवलंय, तर भाषांतरकाराला ‘पूर्वापार ज्ञान’ बरं वाटतं. कोणतं घ्यावं?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘पूर्वकला’ म्हटलं की अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे येतं. पेटंटातलं ‘आर्ट’ म्हणजे हुन्नर, तंत्र. (चौसष्ट कलांत सुतारकामही येतं, पण आजच्या ‘कले’त त्याला कोण विचारतो!)

‘पूर्वापार’ तर जास्त फसवा. पूर्वापार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. प्रायर आर्टला वयाची अट नसते. अर्जाच्या आदल्या महिन्यात दुसऱ्या कुणी छापलेला निबंधही बहुतेक देशांत आडवा येतो. उलट, गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात माणूस आहे तेव्हापासून फिरतोय, तरी नुसत्या तेवढ्यानं तो प्रायर आर्ट होत नाही. इथलं ‘आधी’ असण्याचं नाही, लोकांपुढे आल्याचं आहे.

याच खटल्यात ते नीट दिसतं. ऑक्सफर्डमध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवलं की मुलगा पोटात असलेल्या स्त्रीच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचा डीएनए सापडतो. त्यावर आधारलेल्या पद्धतीला 2001 साली हे पेटंट मिळालं. त्यातला मुख्य क्लेम (पेटंटात नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारं कलम) थोडक्यात असा : गर्भवतीच्या सीरम किंवा प्लाझ्माच्या नमुन्यात, वडिलांकडून आलेला, गर्भाचा डीएनए वाढवून (म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून) ओळखणे. ‘सीरम किंवा प्लाझ्मा’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. लो यांनीच 1989 साली आईच्या रक्तातल्या पेशींमधून पीसीआरनं (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्रानं) वाय गुणसूत्र शोधल्याचं छापलं होतं. क्लेममध्ये मोघम ‘रक्त’ लिहिलं असतं, तर स्वतःचाच जुना निबंध मानगुटीवर बसला असता. सीरम-प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पाणी, जे तोवर अशा तपासणीत फेकून दिलं जायचं. क्लेम जितका ऐसपैस, तितकं जुनं काहीतरी त्यात सापडण्याची भीती जास्त.

आता भाषांतरकारानं जपायची जागा. 2015 साली फेडरल सर्किट न्यायालयानं (अमेरिकेत पेटंटांची अपिलं ऐकणारं न्यायालय) हे क्लेम अवैध ठरवले, पण ‘हे आधीच कुणी केलं होतं’ म्हणून नव्हे. प्लाझ्मातला डीएनए ही निसर्गातली गोष्ट, आणि तो वाढवून ओळखायच्या पायऱ्या प्रयोगशाळेत रोजच्याच, म्हणून हा विषयच पेटंटाला पात्र नाही, असं न्यायालय म्हणालं. 2016 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. तेव्हा ‘पूर्वापार ज्ञान असल्यामुळे पेटंट रद्द’ असं लिहिलंत, तर शब्दच नव्हे, निकालही चुकेल.

मी ‘पूर्वज्ञात तंत्र’ लिहीन. ‘पूर्वज्ञान’ टाळेन, त्याला भाकिताचा वास येतो. ‘क्लेम’ मात्र तसाच ठेवा. एरवी ‘दावा’ चालतो, पण इथे कोर्टातला दावाही आहे. ‘दाव्यातला दावा फेटाळला’ हे वाचून वाचकानं काय समजायचं? आणि पेटंटाला सरकारी परिभाषेत ‘एकस्व’ आहे. शब्द सुटसुटीत आहे, पण वकीलसुद्धा बोलताना पेटंटच म्हणतात.