मायकेलिस-मेंटेन समीकरण, हिल गुणांक आणि प्रथिनांवर बसणारा फॉस्फेट यांचा परीक्षेबाहेर काही उपयोग असतो का?

आपण विचारले आहे की बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातील एन्झाइमची गती, हिमोग्लोबिनचे सहकारी बंधन आणि प्रथिनांचे फॉस्फोरिलेशन हे तीन धडे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, आणि इनव्हर्टेजसारखे ‘जुनाट’ उदाहरण अजून का शिकवले जाते. त्या ‘जुनाट’ शब्दामुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो आहे. सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. तेथे इनव्हर्टेज हे पुस्तकातले उदाहरण नव्हते, तर दर गाळप हंगामात आमची साखर खाणारे एन्झाइम होते.

1913 साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी जे मोजले, तेच साखर कारखान्याचा केमिस्ट रोज मोजतो. सुक्रोजचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचे, द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंपणाऱ्या) प्रकाशाला उजवीकडे वळवते. इनव्हर्टेजने त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की ते मिश्रण प्रकाशाला डावीकडे वळवते, कारण फ्रुक्टोजचे डावे वळण ग्लुकोजच्या उजव्या वळणापेक्षा मोठे असते. व्हिक्टर हेन्री यांनी 1903 मध्ये याच एन्झाइमसाठी जवळपास तेच समीकरण मांडले होते. मायकेलिस-मेंटेन यांनी आम्लता बफरने स्थिर ठेवली आणि वाचन घेण्यापूर्वी अल्कली घालून क्रिया थांबवली, त्यामुळे त्यांचे आकडे टिकले.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फेब्रुवारी संपत आला की कृष्णाकाठी ऊन तापू लागते, तोडणीच्या टोळ्या अपुऱ्या पडतात, आणि तोडलेला ऊस कधी फडात तर कधी कारखान्याच्या आवारात ट्रॉलीवरच नंबराची वाट पाहत राहतो. आमचे त्या वेळचे शेती अधिकारी वयाने आणि अधिकाराने मोठे होते. ऊस दोन दिवस राहिला तर काही बिघडत नाही, उलट गोडी वाढते, असे त्यांचे ठाम मत होते, आणि पुरावा म्हणून ते हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून वाढलेला ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण) दाखवत. “साहेब, ब्रिक्स वाढला म्हणजे साखर वाढली असे होत नाही,” असे मी बैठकीत म्हणालो, तेव्हा “तुमच्या नळीतले मला सांगू नका, शेतकऱ्याला जीभ आहे,” असे उत्तर मिळाले.

मी एकाच फडातील को 86032 जातीच्या उसाच्या मोळ्या मागवून घेतल्या. एक लगेच पिळली आणि बाकीच्या आवारातच उन्हात ठेवून क्रमाक्रमाने पिळल्या. रसात लेड सबअॅसिटेट घालून गाळायचे, नितळ झालेला रस पोलॅरिमीटरच्या (प्रकाशाचे वळण मोजणाऱ्या यंत्राच्या) 200 मिलिमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा न राहू देता भरायचा, आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात दृष्टिक्षेत्राचे दोन्ही अर्धे भाग सारखे उजळ होईपर्यंत चकती फिरवायची, हे काम आमच्या हाताला सवयीचे होते. मोळी जितकी शिळी, तितका ब्रिक्स वर गेला, पोल (प्रकाशाच्या वळणावरून मोजलेली साखर) खाली आला आणि क्षपणक साखर (ग्लुकोज व फ्रुक्टोज) वाढली. ब्रिक्स वाढण्याचे एक कारण म्हणजे उसातले पाणी उडते. दुसरे कारण बैठकीत कोणाला पटले नाही, पण ते साध्या बेरजेचे आहे: सुक्रोजच्या 342 भागांना पाण्याचे 18 भाग जोडले जाऊन 360 भाग साधी साखर होते, म्हणजे जेवढे सुक्रोज नष्ट होते, त्याच्या जागी वजनाने सुमारे 5 टक्के जास्त विरघळलेले घन पदार्थ रसात येतात. जिभेला तो रस गोडच लागतो, कारण फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड असते, परंतु त्याचे दाणे पडत नाहीत आणि ते सरळ मळीत जाते. माझा अहवाल फाइलला लागला आणि विषय तेथेच थांबला.

साहेबांचा दुसरा दावा असा होता की जास्त साखरेच्या उसातली साखर जास्त वेगाने नष्ट होते, म्हणून कमी उताऱ्याचा ऊस मागे ठेवायला हरकत नाही. केएमची किंमत ठाऊक असलेला माणूस हे मान्य करणार नाही. केएम म्हणजे साखरेची ती संहती (द्रावणातील प्रमाण), जिला एन्झाइमचा वेग त्याच्या कमाल वेगाच्या, म्हणजे व्हीमॅक्सच्या, निम्मा असतो. मायकेलिस-मेंटेन यांनी यीस्टच्या इनव्हर्टेजसाठी काढलेला स्थिरांक 0.0167 मोलर होता. रसात 14 टक्के सुक्रोज असेल तर ते सुमारे 0.4 मोलर होते, म्हणजे केएमच्या जवळपास 25 पट, आणि समीकरणात घातल्यास वेग व्हीमॅक्सच्या 96 टक्के येतो. 10 टक्के सुक्रोजच्या रसासाठी तोच वेग 95 टक्के येतो. गोड ऊस आणि फिका ऊस यांच्या नुकसानीच्या वेगात साखरेमुळे पडणारा फरक इतकाच आहे. एन्झाइम किती आहे, ऊन किती आहे आणि ऊस तोडून किती तास झाले, यावरच सारे अवलंबून राहते, आणि म्हणून गव्हाणीत ऊस टाकण्याचा क्रम तोडणीच्या वेळेनुसार लागला पाहिजे.

सहकारी बंधनाचा धडा येथूनच समजून घ्यावा. सहकारी बंधन म्हणजे एका जागेवर रेणू बसला की उरलेल्या जागांवर बसणे सोपे होणे. असे सहकार्य नसलेल्या साध्या हायपरबोलिक आलेखात व्याप्ती (भरलेल्या जागांचा हिस्सा) 10 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर न्यायची तर संहती 81 पट वाढवावी लागते, त्यामुळे अशा रेणूला थोड्या फरकाने वागणूक बदलणे जमत नाही. हिमोग्लोबिनचा हिल गुणांक, म्हणजे या सहकार्याचे माप, सुमारे 2.8 आहे (सहकार्य नसेल तर तो 1), आणि त्यामुळे तेवढ्याच बदलाला जवळपास 5 पट पुरेशी होते. अर्धी व्याप्ती ऑक्सिजनच्या 26 मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाला धरली, तर फुप्फुसातील 100 मिलिमीटरला भरून निघालेले हिमोग्लोबिन 20 मिलिमीटरच्या राबत्या स्नायूत सुमारे 65 टक्के ऑक्सिजन सोडते. गुणांक 1 असता तर 36 टक्केच सुटला असता. हिल यांनी हे समीकरण 1910 मध्ये मांडले, मात्र 2.8 म्हणजे जागांची संख्या नव्हे. जागा चारच आहेत, आणि तो आकडा त्यांच्यातील सहकार्य किती घट्ट आहे एवढेच सांगतो. मोनो, वायमन आणि शांझू यांचे 1965 चे प्रारूप व कोशलंड यांचे 1966 चे प्रारूप यांतील, सगळ्या जागा एकदम बदलतात की एकेक करून, हा वाद आपल्या पुस्तकात असेलच.

फॉस्फेटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा भाग नव्हता. पानात सुक्रोज तयार करणारे सुक्रोज फॉस्फेट सिंथेज पाहावे. पालकाच्या पानात या एन्झाइमच्या 158 क्रमांकाच्या सेरीनवर अंधारात फॉस्फेट बसतो. त्याने व्हीमॅक्स फारसा बदलत नाही, पण कच्च्या मालाशी असलेली ओढ कमी होते, आणि मोजका कच्चा माल असताना एन्झाइम मंदावते. ग्लुकोज-6-फॉस्फेट त्यालाच चालना देते. म्हणजे बदल प्रथिनावर होतो आणि परिणाम आलेखावर दिसतो. आपल्या तीन धड्यांना जोडणारा दुवा हाच आहे.

लाइनवीवर-बर्कची 1934 ची सरळ रेषा (वेग आणि संहती यांच्या व्यस्त संख्यांचा आलेख) परीक्षेत काढावी, पण तिच्यावरून केएम ठरवू नये. व्यस्त संख्या घेतल्याने कमी संहतीच्या, म्हणजे सर्वांत कच्च्या वाचनांतील चूक सर्वांत मोठी होते. तसेच केएम म्हणजे बंधनाचा स्थिरांक असे सरसकट लिहू नये. ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी 1925 मध्येच ते वेगळे करून दाखवले आहे.

माझ्या वरच्या गणितालाही मर्यादा आहेत. उसाचे इनव्हर्टेज यीस्टच्या इनव्हर्टेजहून वेगळे असते, आणि अखंड कांड्यात एन्झाइम व साखर सगळीकडे एकत्र नसतात, त्यामुळे ते गणित तोडलेल्या टोकांना, चेचलेल्या भागाला आणि रसाला जास्त लागू पडते. शिवाय फार शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान बनवतात; ते प्रकाशाला सुक्रोजपेक्षाही जास्त उजवीकडे वळवते, म्हणून तेथे पोलचे वाचनही फसवे चढते आणि क्षपणक साखर वेगळी मोजावीच लागते.

आपल्या महाविद्यालयात पोलॅरिमीटर असेल तर हा प्रयोग हंगामात स्वतः करून पाहावा. कोणी नुसता ब्रिक्स दाखवून उसाची प्रत सांगू लागला, तर त्याला आधी ऊस कधी तोडला ते विचारावे आणि वहीच्या पहिल्या रकान्यात तीच वेळ लिहावी. आमच्या शेती विभागाच्या नोंदवहीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, जात आणि ब्रिक्स हे सगळे होते; तोडणीच्या वेळेचा रकाना मी अनेकदा लेखी मागूनही त्यांनी आखला नाही.